बरणीतला घोडा

१९८४ च्या मे महिन्यात मी मालगुंडहून एस.टी.ने रत्नागिरीला येत होते. पुढच्या बाकावर भिकाजी आणि मथुरा हे नवरा-बायको होते. तिच्या मांडीवर पाण्याने भरलेली काचेची बरणी होती. कंडक्टर तिथे येऊन थांबला.

"बरणीत काय हो, काका?"

"घोडा."

"घोडा?"

"समुद्रातला. माझ्या जाळ्यात आला. मत्स्यालयात देतोय. जिवंत पोचला तरच घेणार म्हणालेत."

"गाडीत जनावर चालत नाही. उतरा."

"अरे, बोटाएवढा तर आहे!"

"घोडा म्हणालात ना? मग घोड्याचा नियम."

"अहो, भांडताय काय? इकडे बघा, ह्याचं पोट हलतंय."

"भूक लागली असेल, मथुरा."

"भूक कसली! पोरं बाहेर येतायत! आये गो, केवढीशी!"

"म्हणजे घोडी आहे गो."

"घोडाच हो. मत्स्यालयातले आप्पा म्हणाले नव्हते, यांच्यात बाप बाळंत होतो? मला वाटलं, थापा मारतायत."

"बाप? काका, सरका जरा, मला बघू दे. अरे देवा, एवढ्याशा जिवालासुद्धा शेपूट आहे!"

"मग, उतरू आम्ही?"

"बसा हो! ड्रायव्हर, घाटात हळू घे, गाडीत बाळंतपण चाललंय!"

"बाई बरी आहे ना?"

"बाई नाही रे, बुवा आहे!"

घोडा जिवंत पोचला आणि पावसाळाभर मत्स्यालयात राहिला. भिकाजी पुढे जाळी विणायला घरीच बसला. मथुरा ही गोष्ट प्रत्येक बारशाला सांगायची. कंडक्टरला पुढच्या साली मुलगी झाली, तेव्हा त्याने डेपोत स्वतःसाठी बाळंतपणाची रजा मागितली. रजा मिळाली, पण डोकं तपासून घ्यायला.