भिंतीकडे फिरवलेला डबा

मायबाप हो, विष परदेशातलं की आपल्या गावातलं, हे देव विचारतो का? नाही! तो एवढंच विचारतो— तुला ठाऊक होतं ना? मग ऐका.

कोकणातल्या एका गावात बाबल चितारी लाकडी खेळणी करायचा. एकादशी कधी चुकवली नाही! त्याचा बाप फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवायचा. बाळानं खुशाल चोखावा असा! पण गिऱ्हाईक म्हणू लागलं, "काका, परदेशी खेळणी बघा कशी चकाकतात!" मग बाबलनं लोखंडी गेटाला लावायचा रंग आणला. डब्यावर लिहिलेलं— मुलांपासून दूर ठेवा. त्यानं वाचलं, मंडळी! वाचलं, आणि डबा भिंतीकडे फिरवून ठेवला.

पुढे पेपरात आलं— परदेशी खेळण्यांच्या रंगात विष! गावानं बाहुल्या, खुळखुळे उकिरड्यावर फेकले आणि गाव धावलं कुठं? बाबलकडे!

"काका, तुमच्या हातचं म्हणजे डोळे मिटून घ्यावं!"

घेतलंच की डोळे मिटून! हसताय? अहो, त्या गर्दीत आपणच होतो.

बाबलची लेक शेवंती सहा महिन्यांची मुलगी घेऊन माहेरी आलेली. सासूनं दिलेला परदेशी खुळखुळा तिनंही फेकला होता. भर दुकानात तिनं फळीवरचा लाल खुळखुळा काढला, "घे गं, आजोबांचा!" म्हणत पोरीला दिला. पोरीनं तो थेट तोंडात घातला.

"काढ! काढ तो आधी!" बाबलनं झडप घालून हिसकावला. पोरीच्या हिरडीला लागलेला लाल रंग धोतराच्या सोग्यानं पुसला.

गिऱ्हाइकांत शाळेच्या मास्तरीणबाई होत्या, त्यांनी विचारलं, "काय झालं हो काका?"

मंडळी, खरं सांगून टाकायचा तोच क्षण होता. शब्द जिभेवर आला होता... बाबल म्हणाला, "काही नाही. खाली पडलेला होता, माती लागलेली."

"अगंबाई, किती जपता नातीला! मग तोच द्या मला. धुऊन घेईन."

त्यानं दिला. कागदात नीट बांधून दिला! शेवंतीनं बापाकडे पाहिलं. तिला कळलं. तीही बोलली नाही.

बाबल अजून एकादशी करतो. उपास मीही करते, तुम्हीही करता. आणि प्रत्येकाच्या घरात एक डबा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आहे. तो कोण फिरवणार? मला तर कुणी दिसत नाही.

चला, नाम घ्या. जे तोंड तेव्हा उघडलं नाही, त्याच तोंडानं घ्यायचंय.