फळ्यांवरची शीट

वरच्या बाथरूमात मी सस्ती शीट टाकली, त्याचा मले अजून पस्तावा आहे. हसू नका, ऐका.

कोहक्यातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्याले बाबांनी रेल्वेच्या लिलावातल्या सागवान फळ्या टाकल्या होत्या. चहा पाहिजे असला की ते वरून काठीनं फळ्या ठोकत, अन् खाली माझी बायको चहा ठेवे. मग बाबा गेले. आईचे गुडघे धरले, बाथरूम खाली, अन् ती वरची खोली सोडाले तयार नाही. म्हणून तिच्या खोलीले लागून असलेल्या बाबांच्या खोलीचं बाथरूम कराचं ठरलं.

मिस्त्री म्हणे, "फळ्या हलतात, टाइल्स तडकतील. वॉटरप्रूफ प्लाय ठोका अन् वरून फोमवाली शीट चिकटवा. सस्त्यात होते."

तो वर माप घेऊन राहिला होता, अन् फळ्या ठोकल्याचा आवाज आला. बायकोनं सवयीनं चहा ठेवला. मी कप घेऊन वर गेलो, तर मिस्त्रीच वैतागलेला.

"नीचे से काहे ठोक रहे हो, भैया?"

खाली तर कोणीच ठोकलं नव्हतं. मी कप ठेवला अन् उतरलो.

शीट चिकटली अन् आवाज बंद झाला. बायकोले हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईनं जिन्यातून हाक मारली, "चहा आण रे." मी नेला.

तिनं कपाकडे पाहिलं. "एकच कावून आणला? त्या शीटमुळं यांच्या काठीचा आवाज खाली येत नाही, म्हणून तर मले हाक मारा लागते."