जाळाबिगर हलगी न्हाई

मी मधुकर कांबळे. गाव आमचं रहिमतपूरच्या अंगाला, पर आता लय वर्सं झाली, मिरजेत गॅरेजात वेल्डिंग करतोय. आमच्या घरात हलगी न्हवती. म्हंजी हुती, पर आबांनी, माझ्या वडलांनी, छप्पन साली दीक्षा घेतली आन् ती हिरीत टाकली. का, तर गावात कुणी मेलं की वाजवाया चला, पालखी निघाली की चला, आन् बोलवायचं कसं, तर ए हलगी, चल. माणसाचं नावच हलगी. आबा म्हणायचं, ती हाक बुडवली मी.

मग मला नाद कुठनं लागला? साळंत. लेझमीला हलगी लागतीच, ती ड्रिलच्या गुरुजींनी माझ्या हातात दिली आन् वाजाया लागली की वो. आबांना कळलं तवा लय मारलं मला, आन् मारताना सोताच रडत हुतं. मग मी डब्यावर वाजवायचो, पुढं गाड्यांच्या बॉनेटवर. नाद काय असा सुटतोय व्हय.

नव्वदच्या पुढची गोष्ट. फिरोज म्हणून एक गडी गॅरेजात आला, सतारी करणाऱ्यांच्या घरातला, केस पार खांद्याखाली, ड्रमचा स्टँड मोडलेला. म्हणला, आमचा मेटल बँड हाय. मला वाटलं लग्नातला पितळी बाजा, म्हणलं क्लॅरनेट कोण वाजवतं तुमच्यात? हसून हसून खाली बसला. मग त्यानं टेप लावला. काय सांगू तुमास्नी, आधी वाटलं पिठाची गिरणी बिघडली. पर आत कान घातला तर आफ्रिकेतला ढोल, आयर्लंडातली बासरी, अरबांची चाल, मधीच त्येच्या घरची सतार, आन् खालनं गिटार गुरगुरतंय. सगळ्या जगाची एक कॅसेट करणार म्हणला, पर कायतरी कमी पडतंय. मी नट खोलायचं दोन पाने घेतलं आन् पत्र्यावर हलगीचा ठेका वाजवून दावला. तो म्हणला, हेच कमी हुतं, चला आमच्यासंगट.

रेकॉर्डिंग सांगलीत, हलगी मी उसनी आणलेली. खोलीत थंड हवेचं मशीन, चामडं लगेच सैल. मी म्हणलं जाळ पायजे, हलगी शेकल्याबिगर बोलत न्हाई. रेकॉर्डिंगवाला म्हणला, हितं कुठं आग पेटवताय, प्लॅस्टिकची आणा. म्हणलं, मग वाजवणारा बी प्लॅस्टिकचा आणा. शेवटी मागल्या बोळात पाचट पेटवलं, दर गाण्याला बाहेर पळायचो. तिसऱ्या गाण्याला तेवढं त्यानं जाऊ दिलं न्हाई, वेळ संपतीया म्हणला.

मग कॅसेटी छापून आल्या. वरच्या कागदावर समद्यांची नावं, आडनावासकट. शेवटाला काय, तर हलगी, ग्रामीण कलाकार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ए हलगी, चल, दुसरं काय हाय ते?

“फिरोज,” म्हणलं, “नाव लिव्ह, न्हाईतर माझी हलगी पुस.”

तो म्हणला, मधुभाऊ, चुकलं आमचं, पर छापून झालंय. म्हणलं, पेन हाय का न्हाई घरात? दोन दिवस समदा बँड गॅरेजात खाली बसून बॉलपेननं माझं नाव लिवत हुता, एकेका कॅसेटीवर. फिरोज मधूकर लिवायचा, धू मोठा. म्हणलं ऱ्हाऊ दे गड्या, हाक मोठीच बरी.

एक कॅसेट घिऊन गावाकडं गेलो. आबांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं. म्हणलं, लाव. डोळं मिटून ऐकत बसलं. तिसऱ्या गाण्याला हात वर केला, मला वाटलं आता पडती कानाखाली.

“हितं सैल पडलीया,” आबा म्हणलं. “शेकली न्हाईस नीट.”

चाळीस वर्सं हलगीला हात लावला न्हवता हो त्या माणसानं.

कॅसेट काय चालली न्हाई. भावकीतलं म्हणत्यात, सोडलेलं परत धरलंस. मी सांगतो, बापानं सोडली ते बरोबर, मी धरली ते बी बरोबर. कुणाच्या मयतीला, पालखीला जात न्हाई. नाव घिऊन बोलवा, बरोबरीनं बसवा, मग वाजवीन, न्हाईतर वेल्डिंग हाय की हातात. आता गावाकडं जायाचं असलं की आबा आधीच पाचट आणून अंगणात ठेवत्यात.

तुमी हे लिवून घेताय, तर माझं नाव घाला, कांबळ्यासकट. धू कसा बी काढा.