कोणी उकरून काढू नये म्हणून

(इस्रायलमधलं किर्यात मलाखी गाव, १९७८. संध्याकाळची वेळ, मुंबईहून येऊन इथे स्थायिक झालेल्या मेयर आणि डेबोराच्या घरचं स्वयंपाकघर. तो औषधांच्या कारखान्यातून नुकताच परत आला आहे. मुलगी रोनित यरुशलेमला कायदा शिकते; आईला ती इमा म्हणते. सुट्टीला घरी आली आहे.)

डेबोरा : पुरे आता, साल निघेल हातांची. किती धुताय?

मेयर : वास जात नाही.

डेबोरा : मला तर साबणाचाच येतो. बसा. माशाचं कालवण केलंय.

मेयर : मला नको जेवण.

रोनित : अब्बा, तू आजारी आहेस?

मेयर : आज कारखान्याच्या मागे खड्डा खणला, कुंपणापाशी. डेबोरा, तुझ्या गोळ्या पुरल्या त्यात.

डेबोरा : माझ्या? माझ्या तर कपाटात हायत.

मेयर : थरथरीवर तू घेतेस त्याच. गोदामातल्या सगळ्या. पोती फोडून ओतल्या, वर कळीचा चुना, वर पाणी. चुना उकळायला लागला तसा तो वास सुटला. मग फावड्याने ढवळायचं, खीर ढवळतात तसं. कोणी उकरून काढू नये म्हणून.

डेबोरा : नासल्या होत्या काय?

मेयर : नासल्या असत्या तर काही वाटलं नसतं. दुधासारख्या स्वच्छ होत्या.

रोनित : म्हणजे बेत-मिश्पातचा निकाल लागला. त्या परदेशी कंपनीच्या बाजूने.

डेबोरा : कोर्टाचं तुला गं कसं ठाऊक?

रोनित : आमच्या प्रोफेसरने हीच केस शिकवली. इमा, ती गोळी त्यांनी शोधली. पेटंट त्यांचं. म्हणजे काही वर्षं दुसऱ्या कोणी बनवायची नाही. अब्बाच्या मालकाने परवानगी न घेता बनवली.

मेयर : मागितली होती. नाही म्हणाले. आणि त्यांची गोळी इकडे येते किती? इस्पितळात पडलेल्यांपुरती. बाकीच्यांनी काय करायचं?

रोनित : पण अब्बा, एक औषध शोधायला आयुष्यं जातात लोकांची. कोणी लगेच कॉपी केली तर पुढचं औषध कोण शोधेल?

मेयर : ते मला पटतं. ज्यांनी शोधलं त्यांचा मान आहे. मालकाला दंड करा, तुरुंगात टाका, मी आड येत नाही. पण तयार झालेली गोळी? ती कोणाच्या पोटात गेली असती तर काय बिघडलं असतं?

रोनित : अशी फुकट वाटून टाकली तर त्यांचं मार्केट बिघडतं. म्हणून नष्ट करा सांगतात, म्हणजे—

डेबोरा : मी मार्केट होय गं?

रोनित : इमा, मी तसं नाही म्हटलं!

डेबोरा : तू नाय म्हटलंस. पुस्तकात हाय, तू वाचून दाखवलंस.

मेयर : त्या कंपनीचा एक साहेब आला होता, टाय-बीय लावून. नाकाला रुमाल. खड्ड्याचे फोटो काढत होता, आमचेही काढले. मी आमच्या फोरमनला, झिवाला, म्हटलं, थांब, मी बोलतो त्याच्याशी. मुंबईचं इंग्लिश कधी कामाला येणार? पुढे झालो, म्हटलं, सर, माझी बायको हीच गोळी खाते.

डेबोरा : मग?

मेयर : हसला. म्हणाला, मिसेसना माझ्या शुभेच्छा सांगा.

रोनित : इख्स!

मेयर : पुढचं ऐक. काम झाल्यावर सगळ्यांना त्याच्यातर्फे जेवण. तिथेच, खड्ड्याच्या काठाला टेबल मांडलं. श्नित्सेल, बटाटे, थंड सोडा. आणि मी जेवलो, डेबोरा. भूक लागली होती, ताट पुसून खाल्लं. वर त्याला थँक्यू म्हटलं. बसमध्ये ते थँक्यू आठवलं आणि मध्येच उतरून रस्त्याच्या कडेला ओकलो.

रोनित : एखादी मूठ तरी खिशात टाकायची होतीस!

मेयर : टाकली ना. ढवळता ढवळताच टाकली. गेटबाहेर येऊन बघतो तर खिशात नुसता लगदा. चुना लागलेला. तो कोणाला देऊ?

डेबोरा : जाऊ द्या. मी तशी पण पेसाखच्या सणापासून अर्धीच घेते.

मेयर : काय?

डेबोरा : औषधाच्या दुकानातली लीया म्हणाली होती, गोळीचं कोर्टात गेलंय म्हणून. म्हटलं, पुरवून खावं. म्हणून तर रोनितला चहा गाळायला लावते. किटली धरवत नाय मला.

रोनित : मला वाटलं, तुझं आपलं... लाडाने.

डेबोरा : लाडाने पण.

रोनित : मी प्रोफेसरशी बोलते. कायद्यात सोय आहे, कंपनी नाही म्हणाली तरी सरकार दुसऱ्याला गोळी बनवायचा परवाना देऊ शकतं. आजारी लोकांनी अर्ज करायचा.

मेयर : आणि कधी मिळतो?

रोनित : कंपनी पुन्हा कोर्टात जाते. वर्षं लागतात.

मेयर : उद्या दुसरं गोदाम रिकामं करायचंय. झिवा म्हणतो, मेयर, तूच पुढे राहा, तुझं काम साफ असतं.

डेबोरा : जाणार तुम्ही?

मेयर : नाही.

रोनित : अब्बा, ते काढून टाकतील तुला. या गावात तुझ्या वयाला कोण काम देणार?

मेयर : कोणी नाही.

रोनित : आणि तू नाही गेलास तरी गोळ्या पुरणारच. दुसरा कोणी ढवळेल.

मेयर : ढवळू दे. त्याचं तो बघेल.

रोनित : मग तू घरी बसून करणार काय?

डेबोरा : असू दे गं. आता मला झग्याची बटणं लावायला घरात कोणी लागेलच.