चपलांवरून पारखलेलं कॉलेज

सन्माननीय अध्यक्ष शेषराव सर, मंचावर बसलेले सरपंच उत्तमराव, जिला निरोप द्यायला आपण जमलो त्या रुख्मिणीचे आईवडील सोजराबाई आणि इंद्रभानदादा, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या मोताळेकरांनो, नमस्कार, जयभीम.

रुख्मिणी उद्या औरंगाबादला कम्प्युटर शिकायला निघते आहे. अशा प्रसंगी नववीत दोनदा राहिलेल्या माणसानं बोलावं का? पण कॉलेजं पाहून मीच आलो, म्हणून सरांनी मला उभं केलं.

रुख्मिणीला बारावीत गणितात सत्त्याण्णव. इंद्रभानदादांनी बावीस वर्षं टपाल वाटून साठवलेला पैसा एकाच प्रवेशाला पुरणारा. निवड चुकली, तर दुसरा डाव नाही. सर मला म्हणाले, "पुंजा, तू तसाबी भटकतच राह्यतं. जाय, पाहून ये. कुठी किती लागते अन् शिकून पोरं काय करतात, दोन्ही इचार."

पुण्याकडचं कॉलेज नवंकोरं. पायऱ्या एवढ्या गुळगुळीत, की मी त्यांच्यावरच थोडा वेळ बसलो. देणगी चाळीस हजार, फी निराळी, चार वर्षं, आणि शेवटी इंजिनिअर. "इथून शिकलेली पोरं कुठं आहेत?" मी विचारलं. कारकून म्हणाला, "पहिली तुकडी अजून बाहेर पडायचीय." कम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून चपला दाराबाहेर काढतात. दुपारभर मी त्या दारापाशी होतो. चपला किती असाव्यात? एक जोड. शिपायाचा! तो आत गारव्यात झोपला होता.

औरंगाबादचं कॉलेज जुनं, कौलारू. तीन वर्षांची बी.एस्सी., वर्षाची फी हजाराच्या आत, वसतिगृह वेगळं. दाराबाहेर एकेचाळीस जोड, त्यांतले अकरा पोरींचे. तारेनं अंगठा बांधलेली एक चप्पल होती. तिच्या मालकिणीनंच मला भिंतीवरचा कागद दाखवला. गेल्या वर्षीचे चौदा जण, नऊ नोकरीला, दोघं तिथंच शिकवतात, तिघं "शोधत आहेत." शोधत आहेत हेही लिहिलं होतं, ते मला फार आवडलं. मग तिनं मला आत नेलं. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं एकेक करून उगवत होती, पऱ्हाटीला पहिलं पान फुटावं तशी. मी किती वेळ पाहत राहिलो, कोण जाणे.

इंद्रभानदादा ऐकून म्हणाले, "पण पोरीले इंजिनिअर कोनी म्हननार नाही ना बे?"

रुख्मिणी म्हणाली, "बाबा, म्हनून घेऊन काय करू? मले त्या मशीनले हात लावाले पाह्यजे."

सोजराबाई म्हणाल्या, "हाव, पन एवढ्या गर्दीत चपला सांभाळजो माय!"

इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. मधलं मात्र नाही.

कॉलेजातून घेतलेला प्रवेशाचा कोरा अर्ज माझ्या पिशवीत होता. शेवटची तारीख शनिवार. परत निघालो तेव्हा औरंगाबादच्या स्टँडवर बुलढाण्याची गाडी उभी होती, शेजारी लोणारची. ती हिरवी अक्षरं अजून डोळ्यांत होती आणि कुणीतरी म्हणालं, लोणारच्या तळ्याचं पाणी हिरवं आहे. मी लोणारच्या गाडीत बसलो. दोन दिवस त्या काठावर होतो. पाणी हलेना, मीही हलेना. शुक्रवारी संध्याकाळी इथं पोचलो आणि तुम्हाला सांगितलं, गाडी बंद पडली होती. मंडळी, कुठलीही गाडी बंद पडली नव्हती.

अर्जाच्या घडीत लोणारचं तिकीट राहिलं होतं. रुख्मिणीनं ते पाहिलं आणि मुठीत दडवलं. शनिवारी पहिल्या गाडीनं बापलेक गेले. बाराला खिडकी बंद व्हायची. हे पावणेबाराला पोचले. परत आल्यावर तिनं मला हळूच एवढंच विचारलं, "पुंजादादा, तळं कसं हाय?"

मी उत्तर दिलं नाही. लाज वाटली.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, तर थोरांनी पोटात घालावं. त्या दोन दिवसांची माफी मात्र मी रुख्मिणीकडे मागतो, तिच्या बाबांसमोर. तिनं ती आजच द्यावी, असं नाही. आणि रुख्मिणी, तळं फार सुंदर आहे.