इंटरकूलरपुढचा पुठ्ठा

आम्ही मूळचे मालवणकडचे, बाबा गिरणीत होते, ती बंद पडली आणि मी साकीनाक्याला गॅरेजात लागलो, आता गॅरेज माझं स्वतःचं आहे. टर्बोच्या गाड्या जास्त येतात. टर्बो हवा दाबून इंजिनात घालतो ना, त्यात ती हवा तापते, मग बंपरमागे इंटरकूलर असतो तो तिला थंड करतो. तो बरा की बाद, हे लोक हात लावून सांगतात. मी नाय सांगत. मी त्याच्या आधी एक आणि नंतर एक तापमान मोजायची वायर लावतो, गाडी रस्त्यावर काढतो, आकडे बघतो.

पण काय सांगू तुम्हाला, खरी परीक्षा घाटात, आणि साकीनाक्याला घाट कुठून आणू? म्हणून मी इंटरकूलरपुढे पुठ्ठा चिकटवतो, वारा अडवतो, म्हणजे चढावर हवा किती तापेल त्याचा अंदाज येतो. मग पुठ्ठा काढायचा, परत भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. काढायचाच.

गणपतीला गावी जायला शैलाताई, भावोजी आणि भाची गाडी घेऊन सकाळीच आले, मखराचं सामान वर बांधलेलं, ताई म्हणाली सुऱ्या, घाटात गाडी दमते रे, बघ जरा. बघितलं. पुठ्ठा लावूनपण आकडे चांगले होते, मागची एक नळी सैल होती ती आवळली, वायरी काढल्या, म्हटलं झकास, बिनधास्त जावा.

दुपारी डबा उघडला आणि भिंतीकडे नजर गेली. खिळ्यावर पुठ्ठा नाय. म्हणजे तो गाडीवरच राहिला. पुठ्ठा आणि त्यात खरा घाट, हवा फार तापली की गाडीचा कंप्युटर स्वतःच ताकद कमी करतो, आणि नेमकं ओव्हरटेक करताना केली तर? फोन लावला, लागेना. परत लावला, लागेना. दोन तास मी तो फोन धरून बसलो, डोळ्यांसमोर भाचीच दिसत होती, बायकोला सांगायचीपण हिंमत झाली नाय.

शेवटी ताईचाच फोन. म्हणाली घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना गाडीने जीवच सोडला, समोरून एसटी, ह्यांनी ब्रेक मारून कशीबशी परत ट्रकमागे घातली, पोरगी अजून रडतेय. मी म्हटलं ताई, पुठ्ठा राहिला गं, माझ्याकडून राहिला.  ती म्हणाली कुठे आहे सांग, काढते.

आता प्रत्येक गाडी सोडताना मी बंपरमध्ये हात घालून तीनतीनदा चाचपतो, गिऱ्हाईकं हसतात. हसू देत. ताई मात्र गाडी अजून माझ्याकडेच आणते, विचारतपण नाय, चावी हातात ठेवते आणि चहा प्यायला जाते, आणि खरं सांगू, त्या चावीचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. देव बरं करो तिचं.