बारा ते चार

उंब्रजच्या दवाखान्यात माझा नंबर दोनदा पुकारला, तरी मी उठलो नाही. शेजारच्या बाकावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारखान्यातला शंभूराज आणि तिथं झाडलोट करणारी बनुबाई बसली होती. आत ड्रेसिंगच्या खोलीत त्यांच्या साहेबांना मलम लावणं चाललं होतं.

“शंभू, काल उन्हाच्या भरात तू जेवणाचा डबाच ट्रॉलीला वेल्ड केलास व्हय रं?”

“झाकणासकट, मावशी. डोळ्यांपुढं अंधारीच आली. भाकरी अजून आतच हाय.”

“आन साहेबानं अपघाताच्या वहीत काय लिवलं?”

“निष्काळजीपणा. परवा नाथाजी भोवळ येऊन रंगाच्या पिपात पडला, तवा बी निष्काळजीपणाच.”

“आरं, मग बारा ते चार काम बंद ठेवा म्हणावं की.”

“आज त्येच म्हनलो. तर केबिनमधला थर्मामीटर दाखवत्यात. चोवीस डिग्री!”

“तितं एसी हाय, मुडद्या.”

“मी म्हनलो, भाईर येऊन बघा. आले. ‘कुठाय रं ऊन?’ म्हनत ऐटीत ट्रॉलीच्या पत्र्यावर बसले.”

“आगं बया! मग?”

“बसले कवा आन उडाले कवा, कळलंच न्हाई. बोंब पार कराडपातूर गेली.”

“मग त्यांच्या नावाम्होरं बी निष्काळजीपणाच लिव. वही हाय न्हवं संगं?”

आतून साहेब ओरडले, “शंभ्या, खबरदार! कारण ऊन लिव, ऊन!”

“लिवतो, साहेब. मग बारा ते चारचं काय?”

“बंद! लिव तसं, आन वही दे हिकडं. सही करतो.”

“करा की, साहेब,” बनुबाई म्हणाली, “चांगली निवांत बसून करा.”